हाफकिन : लशीवरील विश्वासाची परीक्षा

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून जाणाऱ्या मुंबईकराला हाफकिन हे नाव नवे नाही. सर्पदंशावरील औषध, पोलिओचे डोस, रेबीजची लस अशा अनेक गोष्टींशी ते जोडले गेले आहे. मात्र हे नाव ज्याचे होते, तो माणूस डॉक्टर नव्हता, भारतीय नव्हता आणि इंग्रजही नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईत प्लेगचे थैमान सुरू असताना त्याने तीन महिन्यांत लस तयार केली, ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, लोकांचा विश्वास मिळवला आणि पाचच वर्षांनी एका बाटलीपायी तो विश्वास, नोकरी आणि प्रतिष्ठा असे सारेच गमावले.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा लस घ्यावी की नाही, तज्ज्ञांचे ऐकावे की नाही, सरकार सांगते ते खरे मानावे की नाही, हे प्रश्न घरोघरी चर्चिले गेले. हे प्रश्न मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वीही विचारले होते. त्या काळी त्यांची उत्तरे ज्याला द्यावी लागली, त्या वाल्देमार मोर्देकाई हाफकिन यांचे आयुष्य म्हणूनच पुन्हा वाचण्यासारखे आहे.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. काळ्या समुद्रावरील ओडेसा शहरातील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना कशा गिळंकृत करतात, याचा शोध लावणारे इल्या मेचनिकॉफ हे तेथे त्यांचे गुरू होते. तो काळ झारशाहीविरुद्धच्या असंतोषाचा होता. तरुण हाफकिन क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरले. ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. विद्वत्ता असूनही विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अट होती. ती त्यांनी नाकारली.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला आणि काही काळ जिनिव्हा येथे अध्यापन केले. दरम्यान मेचनिकॉफ पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले होते. तेथे शिष्यासाठी जागा होती ती केवळ ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, असा त्यांचा क्रम होता. विरंगुळा म्हणजे व्हायोलिन. लग्न त्यांनी कधीच केले नाही.

त्या सुमारास पटकीच्या साथीने युरोप आणि आशियाला ग्रासले होते. गिनीपिगच्या शरीरातून पटकीचे जंतू पुन:पुन्हा संक्रमित करून हाफकिन यांनी लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, मात्र ते सुखरूप राहिले. तरीही पॅरिसमधील अनेक ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी या शोधाकडे साशंकतेने पाहिले. लशीची खरी कसोटी जेथे पटकी ठाण मांडून बसली आहे अशाच ठिकाणी लागणार होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साह्याने हाफकिन यांना भारताची वाट मोकळी झाली.

कलकत्त्याची वस्ती

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात दाखल झाले. रशियन प्रजाजन, त्यातून ज्यू, त्यातही वैद्यकाची पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ. इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांना हा मनुष्य आपल्यापैकी वाटत नव्हता. लोकांच्या दृष्टीने तर तो शरीरात सुईने काहीतरी अनोळखी द्रव्य सोडणारा साहेब होता. दोन्ही बाजूंनी अविश्वास होता, फक्त कारणे वेगळी होती.

कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम सिम्पसन यांनी मात्र त्यांना साथ दिली. मार्च १८९४ मध्ये शहरातील काठालबागान या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीने जे सात मृत्यू झाले, ते सर्व लस न घेतलेल्यांचे होते. दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेतील अहवालापेक्षा शेजारच्या घरातील हा अनुभव लोकांना अधिक पटला. साथीच्या वस्तीत लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच पाण्यावर, एकाच छपराखाली राहतात, तेव्हा त्यांची तुलना करायची आणि ती जशी असेल तशी मांडायची, ही हाफकिन यांची पद्धत येथून पुढे पक्की झाली. उत्तर हिंदुस्थानातील शहरे, लष्करी छावण्या, आसामचे चहामळे असा प्रवास करीत पहिल्या अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती ढासळल्याने १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले, परंतु पुढच्याच वर्षी ते परतले.

मुंबईतील ते दिवस

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. शहरात हाहाकार उडाला. गटारांतून कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले. घरे धुऊन काढण्यात आली. रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविण्यात येऊ लागले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही भीती इतकी खोलवर गेली, की ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. हजारो कुटुंबांनी गावाकडची वाट धरली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली होती.

सरकारच्या आदेशावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी कामास प्रारंभ केला. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसरसाची गरज होती. युरोपातील पद्धतीप्रमाणे तो गोमांसाचा असे. या देशात तसे केले, तर लस कितीही गुणकारी असली तरी तिला कोणी हात लावणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे त्यांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबते, असे त्यांना आढळले. अशा रीतीने वाढविलेले जंतू उष्णतेने मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, म्हणजे लस तयार होई. या कार्बोलिक ॲसिडला त्यांच्या आयुष्यात पुढे फार महत्त्व यायचे होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घनसेंटीमीटर लस टोचून घेतली. पुढे सर्वसामान्यांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट ती होती. ताप आणि वेदना सोसत ते काम करीत राहिले. आपण कोणता धोका पत्करला आहे, याची कल्पना त्यांनी मोजक्याच लोकांना दिली होती. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचणीच्याच दिवशी ज्यांच्यात रोगाची लक्षणे दिसली, ते वगळता लस घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली आणि कोणीही दगावले नाही. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना लागण झाली आणि सहा दगावले.

यानंतर शहरातील प्रतिष्ठित मंडळी पुढे येऊ लागली. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान त्या वेळी विशीच्या आतले होते. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. सरकारी जाहीरनाम्यांनी जे साधले नसते, ते यामुळे साधले. खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली.

सक्ती आणि संमती

त्याच वर्षी पुण्यात याच्या अगदी उलट घडत होते. साथरोग कायदा १८९७ मध्ये मंजूर झाला आणि प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. सामान रस्त्यावर फेकले गेले, देवघरे विटाळली गेली, स्त्रियांची तपासणी झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, तेही याच वर्षाच्या मार्चमध्ये. मुंबईतही १८९८ च्या मार्चमध्ये रुग्णशोधाच्या सक्तीवरून दंगल उसळली.

रोग तोच, सरकार तेच आणि लोकही तेच. फरक होता तो वागणुकीत. रँड यांची यंत्रणा लोकांच्या घरात शिरली ती हुकमाच्या बळावर. हाफकिन यांची लस ऐच्छिक होती आणि ती ऐच्छिकच राहावी, या धोरणाकडे सरकारलाही हळूहळू वळावे लागले. अर्थात, हाफकिन यांची पद्धतही आजच्या दृष्टीने निर्दोष नव्हती. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी प्लेग असताना त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या व्यक्तींना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन मरण पावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. लशीच्या गुणाचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नव्हता, परंतु तो पुरावा एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांच्या प्राणांची किंमत मोजून मिळाला, हेही विसरून चालत नाही.

ही लस पूर्ण संरक्षण देत नाही, तिचा प्रभाव काही महिने टिकतो, तिने ताप येतो, या मर्यादा आकड्यांतूनच उघड होत्या. एडिंबरोचे प्राध्यापक थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लशीच्या मात्रेविषयी आणि काही पद्धतींविषयी आक्षेप घेतले, पण लशीची उपयुक्तता मान्य केली. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. व्हरांड्यात सुरू झालेले काम प्रशस्त वास्तूत आले होते.

बाटली क्रमांक ५३-एन

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला. तेथील सरकारने लाखो लोकांना लस देण्याचे ठरवले आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा प्रचंड ताण पडला. उत्पादन वाढविण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड वगळण्यात आले. पाश्चर संस्थेतील अनुभवाचा आधार या बदलाला होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस देण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व मरण पावले. या एकोणीसही जणांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस टोचण्यात आली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. मृत्युमुखी पडलेले हे लोक लशीला विरोध करणारे नव्हते. विश्वास ठेवून दंड पुढे करणारे होते. म्हणूनच या घटनेचा धक्का मलकोवालपुरता राहिला नाही. पंजाबातील लसीकरणाची मोहीम खिळखिळी झाली.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांचा समावेश असलेला आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, लस दूषित झाली असावी, असा निष्कर्ष या आयोगाने काढला. कार्बोलिक ॲसिड वगळण्याचा निर्णय हाफकिन यांच्यावर शेकला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले. मुंबईला लस देणाऱ्या माणसाला मुंबईतील प्रयोगशाळेचे दार बंद झाले, ते कायमचेच.

या प्रकरणात एक तपशील मात्र दुर्लक्षित राहिला होता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता केवळ जंतुनाशक पाण्यात बुडवून त्याने बाटलीचे बूच काढले होते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तेव्हाही माहीत होते. शिवाय बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. एवढा काळ धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. तशी ती कोणालाही आली नव्हती.

चार वर्षांचे मौन

या चौकशीची कागदपत्रे सरकारने डिसेंबर १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर चार वर्षे लोटली होती. या काळात हाफकिन यांना दोषी मानणारे आणि लशीलाच विष मानणारे, असे दोघेही आपापल्या समजुती बाळगून राहिले. कागदपत्रे उघड होताच मात्र शास्त्रज्ञांचे लक्ष त्या चिमट्याकडे आणि बुचाकडे गेले.

मलेरियाचे कोडे भारतात उलगडून नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून हा विषय लावून धरला. कलकत्त्यातील जुने सहकारी सिम्पसन तोवर लंडनमध्ये प्राध्यापक झाले होते. तेही हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. अन्यायाच्या या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ज्यू अधिकारी ड्रेफस यांच्या खटल्याशी होऊ लागली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर हेही त्यावर सही करणाऱ्यांत होते. हाफकिन यांच्यावरील ठपका पुराव्याला धरून नाही, असा या सर्वांचा अभिप्राय होता. मुद्दा केवळ एका सहकाऱ्याच्या अब्रूचा नव्हता. लाखो लोकांना ज्या लशीची गरज होती, तिच्यावरचा डाग खरा की खोटा, हे लोकांना कळणे आवश्यक होते. पंजाबात त्याच वर्षी प्लेगने लाखो बळी घेतले.

१९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत बोलावले. परंतु परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले आणि तेथे माणसांवर लशीचे प्रयोग करण्यास त्यांना मुभा नव्हती. नाव धुतले गेले, काम मात्र परत मिळाले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला परतले. पुढील आयुष्यात ते धर्मनिष्ठ बनले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

नाव उरले

मृत्यूच्या पाच वर्षे आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तत्कालीन संचालक लेफ्टनंट कर्नल मॅकी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. ज्या वास्तूतून त्यांना जावे लागले, तिच्यावरच त्यांचे नाव लागले. तोवर तेथून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. प्लेगने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाफकिन यांच्या चरित्राकडे शूर शास्त्रज्ञाची कथा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यात सामान्य नागरिकाच्या कामाची बाजू वेगळीच आहे. मुंबईकरांनी लस घेतली, ती शास्त्र समजले म्हणून नव्हे. देणाऱ्याने ती आधी स्वतः घेतली होती, घेण्याची सक्ती नव्हती, मांस कशाचे वापरायचे याचा विचार झाला होता आणि शेजारच्या कोणाला काय झाले हे त्यांना दिसत होते, म्हणून त्यांनी ती घेतली. मलकोवालनंतर जे बिघडले, ते केवळ १९ मृत्यूंमुळे नव्हे. अपघात कसा घडला हे सांगण्याऐवजी दोषी कोण हे ठरवण्याची घाई झाली आणि कागदपत्रे चार वर्षे बंद राहिली. मृतांच्या नातलगांना, लस घेऊ पाहणाऱ्या गावांना आणि स्वतः हाफकिन यांना, अशा सर्वांनाच त्या काळात उत्तर मिळाले नाही.

कोरोनाच्या काळात लशींच्या दुष्परिणामांची माहिती किती आणि केव्हा उघड करावी, हा वाद जगभर झाला. माहिती दिली तर लोक घाबरतील, असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ५३-एन या बाटलीचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. लोकांना घाबरवले ते न सांगितलेल्या गोष्टींनी. आणि अखेरीस लशीची व तिच्या निर्मात्याची बाजू सावरली, ती उघड झालेल्या कागदपत्रांनीच.